मनाच्या तीन गरजा आणि मोठ्या माणसांचं मानसिक आरोग्य: मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी, सुना, अभ्यासिकेतली पोरं, निवृत्त गुरुजी, परगावी नोकरी करणारे असे सगळेच हे प्रश्न विचारतात. कुणी सरळ विचारतं, कुणी शेजाऱ्याचं नाव पुढं करून विचारतं.

मनाच्या मूलभूत गरजा म्हणजे नेमकं काय?

अन्न, पाणी, झोप मिळाली नाही की शरीर खंगतं. त्यात आवडीनिवडीचा प्रश्नच नसतो. मनाच्याही अशा तीन गरजा मानल्या जातात. पहिली स्वायत्तता: मी जे करतोय ते मला पटून करतोय, कुणी मागून ढकलतंय म्हणून करत नाही. दुसरी सक्षमता: मला काहीतरी येतं, माझ्या हातून काही चांगलं घडतं. तिसरी आपलेपणा: माझं कुणीतरी आहे आणि मीही कुणाचा तरी आहे.

ही मांडणी एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची. दोघेही अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. डेसींच्या १९७१ मधल्या प्रयोगांपासून हा विचार सुरू झाला, १९८५ मध्ये दोघांनी तो पुस्तकरूपात मांडला आणि पुढं जगभर त्यावर अभ्यास झाले. स्वयंनिर्धारण सिद्धांत या नावानं तो ओळखला जातो. डी.एड., बी.एड. झालेल्या प्रत्येकानं मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाची गरजांची शिडी पाठ केलेली असते: आधी खालची गरज, मग वरची. इथं तशा पायऱ्या नाहीत. तिन्ही गरजा एकाच वेळी लागतात आणि एकीची उणीव दुसरीनं भरून निघत नाही. घरात भरपूर माया आहे, पण कशातच विचारलं जात नाही, असा माणूस आतून कोमेजलेला दिसतो तो त्यामुळंच.

हे अमेरिकेतलं शास्त्र. आपल्या गावाकडच्या माणसाला कसं लागू होईल?

शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही ती होतीच. २०१५ मध्ये बेल्जियम, चीन, अमेरिका आणि पेरू या चार देशांत एकच प्रश्नावली वापरून अभ्यास झाला. समाज इतके वेगळे असूनही सगळीकडे तेच दिसलं: या गरजा भागल्या तर मन टवटवीत राहतं, दाबल्या गेल्या तर खचतं. त्याआधी २००३ मध्ये दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, रशिया आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला होता. कुटुंब आणि समाजाला महत्त्व देणाऱ्या संस्कृतीतही स्वायत्ततेचं मोल तेवढंच असल्याचं त्यातून पुढं आलं.

गरज तीच असते, ती भागवायची रीत मात्र प्रत्येक मुलखाची वेगळी. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावास्येला अख्खं गाव वावरात जातं, भज्जी-आंबील करतं आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतं. आपलेपणाची गरज भागवायची ती आपली रीत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

घरात दाणा नाही, डोक्यावर कर्ज आहे. अशा माणसाला मनाच्या गरजा सांगणं म्हणजे चेष्टाच नाही का?

पैशाची अडचण सोडून नुसत्या मनाच्या गोष्टी सांगितल्या, तर ती चेष्टाच होईल. समुपदेशनानं कर्ज फिटत नाही. पीकविमा, हमीभाव, पाणी, वेळेवर मिळणारं पीककर्ज हे सगळं मानसिक आरोग्याचंच काम आहे.

तंगीचा मनावर थेट भार पडतो, हे तपासलं गेलेलं आहे. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या ऊस तुटण्याआधी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि पैसे हातात आल्यानंतर अशा दोनदा घेतल्या. आधीच्या काळात त्यांची कामगिरी कमी भरली. माणसं तीच होती, डोकंही तेच होतं. पैशाच्या काळजीनं त्या डोक्यातली जागा व्यापली होती. म्हणून अडचणीतल्या माणसाला "तुला अक्कल नाही" म्हणणं जितकं क्रूर आहे तितकंच चूकही आहे.

पण आधी पैसा आणि मन नंतर, असंही होत नाही. कमी उत्पन्नाच्या चिनी कामगारांचा आणि असुरक्षित परिसरात राहणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या तरुणांचा अभ्यास झाला, तेव्हा आर्थिक किंवा परिसराची सुरक्षितता कमी असतानाही या तीन गरजांचा मनाच्या स्वास्थ्याशी असलेला संबंध टिकून होता. आपल्याकडं पाहा. सारख्याच कर्जाचे दोन शेतकरी. एकाच्या घरात हिशेब सगळ्यांसमोर मांडला जातो, बायको-भाऊ मिळून मार्ग काढतात. दुसऱ्याला वसुलीवाला चारचौघांत बोलतो, मोंढ्यात आडत्या तोंड फिरवतो आणि घरी तो कुणाशी बोलत नाही. आकडा तोच असला तरी दुसऱ्याच्या मनावरचा घाव कितीतरी खोल जातो.

गरज अपुरी राहणं आणि गरज चिरडली जाणं यात काय फरक?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. पाऊस कमी झाला तर पीक सुकतं, वाढ खुंटते. पण कुणी त्यावर तणनाशक मारलं तर ते जळून जातं. मनाचं असंच होतं. गरज भागली नाही तर जगणं रुक्ष होतं, उभारी राहत नाही. गरज कुणी मुद्दाम किंवा सवयीनं चिरडत राहिलं तर माणूस आजारी पडतो.

उदाहरणं आपल्या रोजच्या बोलण्यातलीच घ्या. नवऱ्यानं कामाचं कौतुक केलं नाही, हे अपुरेपण झालं. "तुला काय कळतंय त्यातलं, गप बस" हे चिरडणं झालं. मोठ्या भावानं विचारायचं राहून गेलं, ही एक गोष्ट. न विचारता वावर विकलं आणि वर "तू कोण विचारणारा" म्हणाला, ही दुसरी. नव्या सुनेशी कुणी फारसं बोलत नाही, हे अपुरेपण. ती आली की बोलणं थांबतं आणि पाठ फिरली की हसू फुटतं, हे चिरडणं.

संशोधकांनी २०११ च्या सुमारास हा फरक वेगळा मोजायला सुरुवात केली, कारण त्याआधीच्या मोजणीत तो दिसत नव्हता. उदासी, सततची चिंता, खाण्याच्या बिघडलेल्या सवयी, कामाचा पार शीण येणं यांचा संबंध नुसत्या अपुरेपणापेक्षा या चिरडण्याशी जास्त घट्ट लागतो, असं तेव्हापासूनचे अभ्यास सांगतात. वर उल्लेख केलेल्या चार देशांच्या प्रश्नावलीतही म्हणूनच २४ विधानं आहेत: तीन गरजा, प्रत्येक गरजेचं भागणं आणि चिरडणं वेगवेगळं, आणि प्रत्येकी चार विधानं.

मोठ्यांना, म्हणजे वडीलधाऱ्यांना, सासवांना, साहेबांना, मुकादमांना यातून कळकळीनं सांगावंसं वाटतं की सगळ्यांच्या सगळ्या गरजा भागवणं तुमच्या हातात नसेल, पण चिरडणं थांबवणं नक्की आहे. त्याला पैसा लागत नाही.

स्वायत्तता म्हणजे मनाला येईल तसं वागणं का? मग एकत्र कुटुंब टिकायचं कसं?

मनाला येईल तसं वागणं वेगळं, एकट्यानं राहणं वेगळं आणि स्वायत्तता वेगळी. वडिलांचा सल्ला पटला म्हणून मान्य केला, तर ते वागणं पूर्ण स्वायत्त असतं. घर सोडून पुण्याला एकटा राहणारा पोरगा "लोक काय म्हणतील" या एकाच भीतीनं जगत असेल, तर तो मोकळा दिसतो, पण असत नाही.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय आणि अमेरिकी लोकांची तुलना केली होती. नात्यातल्या माणसाला मदत करणं हे कर्तव्यच आहे अशी समाजाची ठाम अपेक्षा असतानाही, ते करताना भारतीयांना मनाविरुद्ध वाटलं नाही. ते आपण स्वखुशीनं केलं असंच त्यांनी सांगितलं. कर्तव्य आणि स्वेच्छा एकाच कामात नांदू शकतात. आपल्या आईवडिलांनी हेच जगून दाखवलेलं आहे.

पण याचा आधार घेऊन कुणी "आपल्याकडं बायकांना सगळं पटूनच असतं" असं म्हणू लागलं, तर ते खोटं आहे.

सासू-सासऱ्यांचं मी सगळं करते. तरी जीव गुदमरतो. माझंच काही चुकतंय का?

नाही, ताई. तेच काम मायेनं होतं तेव्हा थकवा अंगाला येतो, बोलणी खावी लागतील या धाकानं होतं तेव्हा तो मनाला येतो. ताटात भाजी कोणती वाढायची, माहेरी किती दिवस राहायचं, दवाखान्यात कधी जायचं, स्वतःच्या मजुरीचे पैसे कशावर खर्चायचे, यातलं तुमच्या हातात काय आहे ते एकदा शांतपणे आठवून पाहा. "आज मला जमणार नाही" असं एकदा म्हटल्यावर घरात काय होईल, यावरून बरंच उमगतं. शिवीगाळ होईल, हात उगारला जाईल असं उत्तर येत असेल, तर हा प्रश्न तुमच्या सहनशक्तीचा उरलेला नाही. महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर मदत मागता येते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या बायकांकडं पाहिलं की हे किती खोलवर जातं ते दिसतं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, बहुतेक नवऱ्याच्या नावावर. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पाळी आली तरी सुट्टी नाही, आजारी पडायची सोय नाही, आणि शरीराबद्दलचा निर्णयही धाकाखाली घ्यायचा. अशा जगण्यात मन खचलं तर त्याला बाईचा कमकुवतपणा म्हणायला जीभ कशी रेटते, हे मला कळत नाही.

याच मराठवाड्यात उलटा अनुभवही आहे. १९९३ च्या भूकंपानंतरच्या कामातून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर-धाराशिव भागात बायकांनी घरच्या जमिनीतला एक एकर स्वतःकडं मागून घ्यायचा आणि त्यात घरापुरतं धान्य, डाळी, भाजीपाला कमी पाण्यात पिकवायचा अशी पद्धत रुजवली. २०१७ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. त्या एका एकरात काय पेरायचं ते ती ठरवते, आलेलं पीक तिच्या कसबाचं असतं, आणि बियाणं-माहितीची देवघेव गटातल्या बायकांशी होते. तिन्ही गरजा एका एकरात.

राब राब राबलो, तरी पीक गेलं. आता कशातच मन लागत नाही. शेती जमत नाही असंच समजू का?

२०१२-१३ चा दुष्काळ, लगेच २०१५-१६ चा, ज्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि मग सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी, जिनं जमिनीच खरवडून नेल्या. यातलं काहीही शेतकऱ्याच्या कसबावर ठरलेलं नव्हतं. पण सलग अपयश आलं की मन निकाल आणि कसब यांतली रेघ पुसून टाकतं. "पीक गेलं" याचं "मी कुचकामी आहे" व्हायला वेळ लागत नाही. सक्षमतेची गरज अशी चिरडली जाते, आणि त्यात पाहुण्यारावळ्यांचे टोमणे भर घालतात.

यावर "सकारात्मक राहा" हा उपाय नाही. ज्याचा शेवट आपल्या हातात आहे असं लहान काम रोज एक तरी असणं, हा आहे. बांधावरची चार झाडं, दुरुस्त केलेली मोटार, शेजाऱ्याच्या पोराला शिकवलेली कलम बांधणी, दुधाचा नीट ठेवलेला हिशेब. हे क्षुल्लक वाटेल, पण उदासीवरच्या उपचारातही छोटी, ठरवून केलेली कामं हा नेहमीचा भाग असतो. घरच्यांनी एवढंच म्हणावं: "आभाळानं मारलं. तुझ्या हातात होतं ते तू केलंस."

स्पर्धा परीक्षा देतोय. काही वर्षांपासून अभ्यासिका आणि खोली एवढंच आयुष्य आहे. हे टेन्शन नॉर्मल आहे का?

परीक्षेचं टेन्शन सगळ्यांनाच असतं. तुमच्या बाबतीत तिन्ही गरजांवर एकदम मार पडतोय, हे वेगळं आहे. जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल, भरती कोर्टात अडकेल का, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. एक-दोन मार्कांनी यादी हुकते आणि आधीची सगळी मेहनत शून्य वाटू लागते. गावी लग्नकार्याला जायचं टाळता, कारण पहिला प्रश्न ठरलेला: "काय करायलास सध्या? कधी लागायलंय?"

अभ्यास सोडा असं मी म्हणणार नाही. पण थांबायची तारीख स्वतः ठरवा आणि लिहून ठेवा, वयोमर्यादेनं ती ठरवायच्या आत. सोबत एखादं काम धरा, दोन तासांची शिकवणी का होईना, म्हणजे कसब दाखवायची दुसरी जागा राहते. आणि गावच्या कार्याला जा. पालकांना एक विनंती: पोरगं फोन करतं तेव्हा निकालाआधी जेवणाचं विचारा.

नोकरी पक्की, पगार वेळेवर. तरी सोमवार आला की नकोसं होतं. असं का?

नोकरदारांच्या मनःस्थितीची तीन आठवडे नोंद ठेवणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीच्या दिवशी माणसं जास्त ताजीतवानी असतात, आणि यामागं त्या दिवसातली मोकळीक आणि जवळच्या माणसांचा सहवास असतो, असं त्यात दिसलं. ऑफिसात हीच दोन्ही मिळत असतील तर सोमवार एवढा जड जात नाही. पगार लागतोच, पण तो या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही.

गावात एवढी माणसं, भावकी, पाहुणे. तरी एकटं वाटतं. हे कसं?

आपलेपणा डोकी मोजून ठरत नाही. पारावर वीस जण बसलेले असतात आणि त्यातल्या एकाशीही मनातलं बोलता येत नाही. विशेषतः पुरुषांना. पिकाचं, राजकारणाचं, क्रिकेटचं सगळं बोलून होतं. झोप लागत नाही, रात्री जीव घाबरा होतो, हे तेवढं राहून जातं.

घरं उभी राहिली तरी आपलेपणा विस्कटू शकतो, हे किल्लारीनं दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर अनेक गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट. जुन्या गल्लीत ओट्यावर बसून दिवसभर चालणारं येणं-जाणं, हाकेच्या अंतरावरची भावकी नव्या आखणीत पांगली, अशी खंत पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांनीही मांडली. माणसं वाचली, छत मिळालं, आणि तरीही काहीतरी हरवलेलं राहिलं.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या गावांतला आपलेपणा पुष्कळदा जातीच्या कुंपणापाशी थांबतो. आडनाव ऐकून बदलणारा स्वर, खोली भाड्यानं द्यायला नकार, वयस्क माणसालाही एकेरी हाक. यात आपलेपणा आणि मान दोन्ही एका फटक्यात हिरावले जातात, आणि ते एकदा नाही, आयुष्यभर चालतं. त्यातून येणारी खिन्नता फक्त गोळीनं जाणार नाही. वागणं बदलावं लागेल, आणि ते इतरांनी बदलायचं आहे.

याचा शरीरावरही परिणाम होतो का?

होतो. २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. आपल्याकडं मनाचं दुखणं आधी अंगातच उतरतं. डोकं जड होणं, छातीत धडधड, पोटात आग, हातापायाला मुंग्या. सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात आणि माणूस या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडतो. तपासण्या कराच, पण डॉक्टरांना झोपेचं आणि मनाचंही सांगा.

गरजा दाबल्या गेल्या की माणूस दारूकडं, मोबाईलकडं, रागाकडं का वळतो?

भूक मारायला चहा पीत राहणारा मजूर आपण पाहतो; पोट तेवढ्यापुरतं गप्प बसतं. दाबलेली गरजही अशीच पर्याय शोधते. कुठंच ऐकलं जात नाही असा माणूस घरात आवाज चढवतो, कारण तेवढ्याच जागी त्याचा शब्द चालतो. मान मिळत नाही असा तरुण बुलेट, लग्नातला खर्च, फ्लेक्सवरचा फोटो यातून मान विकत घेऊ पाहतो. काही जण ताबा सुटून पीत राहतात. काही जण उलट इतके कडक होतात की मीठ जास्त पडलं तरी घर डोक्यावर घेतात. आणि काही जण फक्त विरोधासाठी विरोध करतात: बाप म्हणाला पूर्वेला तर हा पश्चिमेला. संशोधकांनी ही वळणं नोंदवलेली आहेत, आणि यातली प्रत्येक वाट मूळ गरज आणखी उपाशी ठेवते. दारूनं मारहाण केली तर ती माफ होत नाही. पण नुसती बाटली हिसकावून भागत नाही, तिच्यामागची रिकामी जागा पाहावी लागते.

आईवडील गावी, आम्ही पुण्या-मुंबईला. पैसे पाठवतो, कामाला बाई लावली. तरी ते खचत चाललेत.

काळजी घेता घेता आपण त्यांच्या हातातलं सगळं काढून घेतो. "दादा, तुम्ही नुसते बसा." १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग झाला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा, आणि सांभाळायला एक रोप दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांना पाणी घालायचं काम कर्मचाऱ्यांचं. पहिल्या मजल्यावरची माणसं काही आठवड्यांत जास्त तरतरीत, जास्त बोलकी झाली.

तेव्हा शेतीतला एखादा निर्णय वडिलांवर सोडा आणि तो पाळा, तुम्हाला दुसरं बरोबर वाटत असलं तरी. आईला लोणच्याचं प्रमाण विचारा, आणि खरंच विचारा. फोनवर औषधं घेतली का एवढ्यावर थांबू नका.

घरात मी लगेच काय बदलू शकतो?

बोलणं. हुकूम द्यावाच लागला तर कारण सांगा. दोन पर्याय खरे असतील तर दोन्ही पुढं ठेवा. "माझं ऐकलं असतं तर" हे वाक्य सोडून द्या. नाही म्हणणाऱ्याला आधी त्याचं म्हणणं पूर्ण करू द्या. आणि चूक दाखवायची तर ती एकट्यात, कौतुक मात्र पाहुण्यांसमोर. बैलांना पोळ्याला आपण मान देतो, घरातल्या माणसाला तो वर्षभर द्यायला काय हरकत आहे?

हे सगळं केलं तर डॉक्टर आणि औषधाची गरज उरणार नाही का?

असं समजू नका. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं, सोबत झोप-भूक बिघडणं, थकवा, अपराधी वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार येणं, ही उदासीच्या आजाराची, म्हणजे डिप्रेशनची लक्षणं आहेत. त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. औषधानं उभं राहायची ताकद येते. घरचं वातावरण सुधारलं तर ती टिकायला मदत होते.

"आमच्यात कुणाला असलं काही नसतं" असंही बरेच जण म्हणतात. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार होता. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

मदत कुठं मिळेल? पोलीस केस होईल का?

टेलिमानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं ही मोठी ठिकाणं.

पोलिसांच्या भीतीनं बरीच घरं झालेला प्रकार लपवतात आणि उपचार राहून जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला त्यासाठी शिक्षा करता येत नाही. तिची काळजी घेणं, पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

घरातलं माणूस "आता जगून काय करायचं" असं म्हणतंय. मी काय करू?

हसण्यावारी नेऊ नका. "असं बोलू नये" म्हणून विषय बंदही करू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ऐका. उपदेश, देवाची शपथ, लेकरांचा हवाला हे नंतर. त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ ला फोन लावा, धोका समोर दिसत असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट दवाखान्यात न्या.

आणि फवारणीचं औषध घरात, माळवदावर, गोठ्यात ठेवू नका. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. मरणाचा तो झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ निभावला तर माणूस पुढं अनेक वर्षं जगतो. घरात कुणी अशा मनःस्थितीत असेल तर डबे आजच कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडं द्या, किंवा ते शेजाऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर नेऊन ठेवा.